सूची : शोधाची सोय आणि सांभाळाचा भार



ज्या शाळेच्या सतरंजीवर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा योग आज मला लाभला, याबद्दल मी संयोजकांची मनःपूर्वक ऋणी आहे. माझ्या नावापुढे विद्वत्तेची एक पदवी लागली आहे आणि आयुष्याची पस्तीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवण्यात घालवली आहेत. त्यामुळे आज मी संतवाङ्मयावर किंवा महानुभावांच्या गद्यावर बोलेन अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र विषय निवडला आहे तो संगणकातल्या सूचीचा. संगणकात साठवलेल्या माहितीतून हवी ती नोंद शोधायची असेल, तर सूची केव्हा उपकारक ठरते आणि केव्हा अपायकारक, हा तो विषय.

हा माझा प्रांत नव्हे, अशी शंका आपल्या मनात येईल. पण सूचीचा संस्कार माझ्यावर प्रथम गुरुजींनीच केला. ते आम्हाला मराठी शिकवीत आणि शाळेचे ग्रंथालयही सांभाळीत. त्यांच्या टेबलावर दोन वह्या असत. एक जाडजूड देवघेव वही. तिच्यात कोणत्या तारखेला कोणी कोणते पुस्तक नेले आणि केव्हा परत केले, याची सलग नोंद असे. दुसरी वही लहान, शंभर पानांची. तिच्यात फक्त परत न आलेल्या पुस्तकांची नावे असत. पुस्तक परत आले की गुरुजी त्या नावावर रेघ ओढत. शनिवारी वर्गात येताना ते ही लहान वहीच घेऊन येत. त्या वहीत माझेही नाव दोनदा लागले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. मोठ्या वहीत हजारो नोंदी होत्या, पण शनिवारच्या प्रश्नाचे उत्तर तीसचाळीस ओळींत सामावत असे. संगणकशास्त्रात अशा सूचीला आंशिक सूची म्हणतात, हे मला साठी उलटल्यावर कळले. गुरुजींना ते नाव ठाऊक नव्हते, पण त्यांना तत्त्व पुरते उमगले होते.

रोजकीर्द आणि खतावणी

सूचीची कल्पना आपल्याला परकी नाही. ऋग्वेदाच्या १०२८ सूक्तांसाठी कात्यायनाने सर्वानुक्रमणी रचली. तिच्यात प्रत्येक सूक्ताचे आद्य शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद दिले आहेत. मराठीपुरते बोलायचे तर शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढच्या खंडात ती १९५० पर्यंत आणली. मराठीच्या कोणत्याही अभ्यासकाला त्या सूचीवाचून पाऊल टाकता येत नाही. पण याच उदाहरणात सूचीचा दुसरा धर्मही दिसतो. ग्रंथ छापले जातच राहतात आणि सूची मात्र एका वर्षाशी येऊन थांबते. तिला पुढे न्यायचे तर कोणाला तरी पुन्हा तितकेच कष्ट उपसावे लागतात. सूची एकदा करून संपत नाही, ती सांभाळावी लागते.

पांढुर्ण्यातल्या संत्र्याच्या व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही. त्याच्याकडे रोजकीर्द असते आणि खातेवही असते. रोजकीर्दीत दिवसभराचा व्यवहार जसा घडला तसा, एकाखाली एक लिहिला जातो. लिहायला सोपे, कारण नवी ओळ नेहमी शेवटीच येते. पण अमुक बागाइतदाराचे एकूण देणे किती, हे रोजकीर्दीतून काढायचे तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवावे लागेल. म्हणून खातेवही ठेवतात. तिच्यात प्रत्येकाचे खाते वेगळे, आणि रोजकीर्दीतली प्रत्येक ओळ त्या त्या खात्यावर चढवायची. ह्या चढवण्याला आपण खतावणी म्हणतो. शोधणाऱ्याचे श्रम वाचतात, कारण लिहिणाऱ्याने ते आधीच केलेले असतात. सूची श्रम नाहीसे करीत नाही. ती ते शोधण्याच्या वेळेकडून लिहिण्याच्या वेळेकडे सरकवते, आणि आजच्या विषयाचे सार एवढेच आहे.

हंगामात गाड्यांची रांग लागली की शहाणा दिवाणजी प्रत्येक गाडीमागे खातेवही उघडत बसत नाही. दिवसभर रोजकीर्द लिहितो आणि रात्री निवांतपणे खतावणी करतो. संगणकातही लाखो नोंदी एकदम भरायच्या असतील, तर जाणकार माणूस शक्य तेथे आधी सूची काढून टाकतो, नोंदी भरतो आणि मग सूची एकदाच नव्याने बांधतो.

चाळीस हजार नावांची नोंदवही

आता थोडे गणित करू. समजा, एका शाळेच्या प्रवेश नोंदवह्यांत मिळून चाळीस हजार नावे आहेत आणि प्रत्येक पानावर वीस. म्हणजे दोन हजार पाने झाली. नोंदी प्रवेशाच्या क्रमाने आहेत. एक नाव शोधायचे तर नशीब चांगले असेल तेव्हा पहिल्या पानावर सापडेल, वाईट असेल तेव्हा शेवटच्या. सरासरीने हजार पाने उलटावी लागतील.

याउलट नावांची अकारविल्हे सूची केली आणि त्या सूचीचीही एक सूची केली, तर काय होते? एका पानावर दोनशे नोंदी मावतात असे धरा. वरच्या एका पानावर दोनशे दिशादर्शक नोंदी. प्रत्येक नोंद खालच्या एका पानाकडे बोट दाखवते आणि त्या प्रत्येक पानावर दोनशे नावे. दोन पायऱ्यांत चाळीस हजार नावे बसली. तिसरी पायरी चढवली तर ऐंशी लाख, चौथी चढवली तर एकशे साठ कोटी. आपल्या नोंदवहीसाठी दोन पाने सूचीची आणि एक पान मूळ वहीचे, अशी तीन पाने उलटली की काम झाले. हजाराच्या जागी तीन. ही रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट या दोघांनी बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत असताना मांडली आणि १९७२ साली त्यांचा लेख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिला बी-ट्री म्हणतात. त्यातल्या 'बी'चा अर्थ काय, हे त्या दोघांनी कधी उलगडून सांगितले नाही. आजही बहुतेक सर्व डेटाबेस प्रणालींची नेहमीची सूची याच वंशातली असते.

येथवर सूचीचा विजय आहे. आता प्रश्न बदलू. याच नोंदवहीत विद्यार्थ्यांच्या गावाचाही रकाना आहे आणि आपण गावाचीही सूची केली आहे. निम्मे विद्यार्थी, म्हणजे वीस हजार, पांढुर्ण्याचेच आहेत. कोणी विचारले, पांढुर्ण्याचे सर्व विद्यार्थी काढा. सूची वीस हजार ठिकाणे दाखवील आणि आपण आज्ञाधारकपणे कधी पान सतराशे, कधी पान बारा, कधी पुन्हा सतराशे, असे वीस हजार वेळा पाने उलटत बसू. वही मात्र दोनच हजार पानांची आहे! सूची बाजूला ठेवून पहिल्यापासून वाचत गेलो असतो, तर एकदशांश श्रमात काम झाले असते.

मग सीमारेषा कोठे? या उदाहरणात पाने दोन हजार आहेत. म्हणजे उत्तरात दोन हजारांहून अधिक नोंदी येणार असतील, चाळीस हजारांच्या शेकडा पाचाहून अधिक, तर सूचीमुळे होणारी उलटापालट सरळ वाचनापेक्षा जास्त होऊ शकते. सलग वाचन हाताला सोपे असते आणि इकडून तिकडे उड्या मारणे कठीण, म्हणून खरी सीमा त्याहूनही खाली असू शकते. पण शेकडा पाच हा आकडा आपण पाठ करू नये. तो आपल्या वहीचा आहे, सर्व वह्यांचा नव्हे. उदाहरणार्थ, प्रवेशाच्या वर्षाची सूची घ्या. नोंदी मुळातच वर्षाच्या क्रमाने असल्याने एका वर्षाची सारी नावे लागोपाठच्या पानांवर असतात. तेथे उत्तरात पुष्कळ नोंदी आल्या तरी सूची उपयोगी पडते, कारण तिने एकदा सुरुवातीचे पान दाखवले की पुढे सरळ वाचन आहे. आणखी एक युक्ती अशी की, सूचीतून मिळालेले पृष्ठांक आधी चढत्या क्रमाने लावून घ्यावेत आणि मग प्रत्येक पान एकदाच उघडावे. पोस्टग्रेस ही प्रसिद्ध डेटाबेस प्रणाली काही वेळा असेच करते.

म्हणून 'गावावर सूची हवी की नको?' हा प्रश्नच अपुरा आहे. त्याच सूचीने पांढुर्ण्याच्या वीस हजार विद्यार्थ्यांसाठी काही साधणार नाही, पण एखाद्या लहान खेड्यातून आलेल्या चार मुलांची नावे मात्र ती चुटकीसरशी काढून देईल. रकाना तोच, सूची तीच. विचारलेल्या मूल्याप्रमाणे तिची योग्यता बदलते.

हा निर्णय कोणी घ्यायचा? १९७९ साली आयबीएम कंपनीतल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. प्रत्येक प्रश्नासाठी उत्तराचे निरनिराळे मार्ग मांडायचे, प्रत्येकाचा खर्च अंदाजायचा आणि स्वस्त मार्ग निवडायचा, हे काम प्रणालीने स्वतःच करावे. आजच्या प्रणाली असेच करतात. त्यासाठी कोणत्या रकान्यात कोणती मूल्ये साधारण किती वेळा येतात, याची टिपणे त्या ठेवतात. टिपणे जुनी झाली की अंदाज चुकतो आणि चांगली सूची असूनही वाईट मार्ग निवडला जातो. तेव्हा शोध मंदावला की लगेच नवी सूची करू नये. प्रणाली कोणत्या मार्गाने जात आहे, हे तिलाच विचारावे. तशी सोय प्रत्येक नावाजलेल्या प्रणालीत असते.

पिनकोडचा धडा

दुसरा नियम समजावून घ्यायला आपल्या पत्त्यावरचा पिनकोड पुरेसा आहे. भारतीय डाकसेवेने १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू केला. बायर-मॅक्राइटांचा लेख प्रसिद्ध झाला तेच हे वर्ष. पिनकोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी. सूचीच्या प्रांतात भाषेचा अभ्यासक शिरतो तेव्हा तो आगंतुक नसतो, असे म्हणायला मला यातून धीर येतो.

पांढुर्ण्याचा पिन ४८०३३४ आणि सौंसरचा ४८०१०६. पहिला अंक विभाग सांगतो. चार म्हटले की महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचे क्षेत्र ठरते आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष टपाल कार्यालय दाखवतात. डावीकडून उजवीकडे वाचत गेले की पत्र पायरी पायरीने मुक्कामाजवळ येते. आता उलट करा. एखाद्याने फक्त 'शेवटी ३३४ असलेले पिन काढा' असे सांगितले, तर देशभरचे सगळे पिन तपासण्यावाचून गत्यंतर नाही. क्रम लावलेला आहे, पण तो डावीकडून. उजवे टोक धरून आत शिरायला त्यात दारच नाही.

अनेक रकान्यांची मिळून केलेली संयुक्त सूची नेमकी अशीच वागते. आडनाव, नाव, वडिलांचे नाव या क्रमाने केलेली सूची आडनाव ठाऊक असेल तर उत्तम चालते, आडनाव आणि नाव दोन्ही ठाऊक असतील तर अधिक चांगली. पण नुसते नाव ठाऊक असेल तर तिचा फारसा आधार उरत नाही. त्याचप्रमाणे 'देश'ने सुरू होणारी आडनावे सूचीतून झटकन निघतील, 'कर'ने संपणारी निघणार नाहीत. एका चांगल्या संयुक्त सूचीमुळे दोनतीन सुट्या सूच्यांचे काम होऊ शकते, मात्र रकान्यांचा क्रम लोक ज्या रीतीने विचारतात त्या रीतीला जुळला पाहिजे.

पिनकोडकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पांढुर्णा-सौंसरचा हा भाग छिंदवाडा जिल्ह्यातून निघाला. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्त्यांच्या यादीत 'जिल्हा' या रकान्यावर सूची असती, तर हजारो नोंदी सूचीतल्या एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी बसवाव्या लागल्या असत्या. आणि फायदा काय झाला असता? बहुतेकांचा जिल्हा एकच, म्हणजे त्या सूचीने शोध सोपा झालाच नसता. नफा शून्य आणि वेळप्रसंगी भुर्दंड, अशी ती सूची. पिन मात्र होता तसाच राहिला. ज्याच्या आधारे वारंवार शोधायचे, तो आधार शक्यतो न बदलणारा असावा.

माझ्या चिठ्ठ्या

आता थोडे स्वतःविषयी. प्रबंधासाठी मी महानुभाव गद्यातल्या शब्दांच्या बारा हजार चिठ्ठ्या केल्या होत्या. बुटांच्या खोक्यांत त्या चाळीस वर्षे राहिल्या. निवृत्तीनंतर मी त्या संगणकावर उतरवल्या. शब्द, ग्रंथ, पृष्ठ, अर्थ, लिंग, विभक्ती, माझा शेरा, असे रकाने केले आणि भाच्याकडून सूचीची आज्ञा शिकून घेऊन उत्साहाच्या भरात प्रत्येक रकान्यावर सूची ठेवली. भाचा नागपुरात याच व्यवसायात आहे. दिवाळीला आला तेव्हा माझे हे वैभव पाहून हसला. म्हणाला, "आत्या, लिंगावर सूची कशाला? तीनच तर मूल्ये आहेत. प्रत्येक उत्तरात हजारो चिठ्ठ्या येणार."

मी म्हटले, "असू दे. नुकसान काय?"

त्याने एकेक सूची काढली आणि मला शोधून पाहायला सांगितले. मला काडीचाही फरक जाणवला नाही. बारा हजार नोंदी म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ओंजळभर. त्या तो पापणी लवायच्या आत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढतो. लहान तक्त्याला बहुधा सूची लागत नाही. बारा पानांच्या पुस्तिकेला अनुक्रमणिका जोडावी, तसा तो प्रकार.

मग त्याने आपल्या कामातली गोष्ट सांगितली. काही कोटी नोंदींचा एक तक्ता होता. दर सेकंदाला त्यात नव्या नोंदी पडत. वर्षानुवर्षे ज्याला जी अडचण आली त्याने तिच्यासाठी एक सूची वाढवली, जुनी मात्र कोणी काढली नाही. नोंद एक, पण ती एकदा तक्त्यात आणि मग प्रत्येक सूचीत तिच्या योग्य जागी बसवायची. पाच सूच्या असतील तर एका नोंदीमागे सहा ठिकाणी लिहिणे आले. शिवाय स्मरणाची जागा मर्यादित. निरुपयोगी सूच्या ती अडवून बसतात आणि उपयोगी पाने बाहेर ढकलली जातात. शोध वेगवान व्हावा म्हणून वाढवलेल्या सूच्यांनीच सारे काम मंद केले होते. कोणती सूची किती वेळा वापरली गेली याची मोजदाद प्रणाली ठेवते. ती पाहून ज्यांना कोणी हात लावला नव्हता अशा सूच्या एकेक करून काढल्या, तेव्हा तक्ता पुन्हा हलका झाला. "पण आत्या," तो म्हणाला, "काढतानाही घाई करून चालत नाही. एखादी सूची वर्षातून एकदाच लागते, वर्षअखेरच्या हिशेबाला. ती महिनाभर वापरली नाही म्हणून काढली, तर मार्चमध्ये रडायची पाळी येते." मला गुरुजींच्या वहीवरच्या रेघा आठवल्या. निरुपयोगी झालेली ओळ ते तत्परतेने खोडत, पण पुस्तक हाती आल्याशिवाय कधी खोडत नसत.

'ळ' कोठे गेला?

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला, तिच्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी माझी एक बालमैत्रीण जन्मतारखेच्या दाखल्यासाठी आपल्या परिसरातल्या एका शाळेत गेली. चौथीपर्यंत ती तेथे शिकली होती. वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनासाठी तिला वयाचा पुरावा हवा होता आणि दुसरा कोणताही कागद तिच्यापाशी नव्हता. कार्यालयातल्या तरुणाने तिचे नाव संगणकावर टाकले. क्षणार्धात उत्तर आले : नोंद नाही. ती पुन्हा गेली, तिसऱ्यांदा गेली. उत्तर तितक्याच वेगाने तेच आले. शेवटी तिने मला विचारले, "बाई, मी शाळेत गेलेच नव्हते का गं?"

मित्रहो, या प्रश्नाने माझी झोप उडवली.

आम्ही विनंती करून जुन्या नोंदवह्या मागितल्या. अंदाजाने चार वर्षे धरली आणि दोघीजणी एकेक ओळ वाचत बसलो. चौथ्या दिवशी संध्याकाळी नाव सापडले. तिच्या नावात 'ळ' होता, नोंद करणाऱ्याने तेथे 'ल' लिहिला होता. आडनावाच्या जागी काहीच नव्हते, वडिलांचे नाव 'वल्द' म्हणून जोडलेले होते. नोंद करणाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्या हिंदीच्या वळणात 'ळ'ला जागा नव्हती आणि आधी नाव, मग पित्याचे नाव, हाच त्याचा क्रम होता. कार्यालयातल्या तरुणाचाही दोष नव्हता. त्याने सूचीला प्रामाणिकपणे विचारले आणि सूचीने प्रामाणिकपणे उत्तर दिले. सूचीला विचारलेले अक्षर आणि सूचीत घातलेले अक्षर वेगळे होते, एवढेच.

आपल्या भागातल्या कागदांत हे पदोपदी घडते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी. काळेंचे काले झाले, बळीरामाचा बलीराम झाला. रोमन लिपीत ज्ञानेश्वराचे आद्याक्षर एका कागदावर 'डी' तर दुसऱ्यावर 'जी' झाले. सूचीच्या दृष्टीने ही दोन माणसे आहेत, आणि त्यांच्यामध्ये शेकडो नावांचे अंतर आहे.

क्रमाचीही तीच गत. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो. संगणकाच्या युनिकोड संकेतात त्याची जागा 'ल'च्या लगेच पुढे, 'व'च्या आधी आहे. 'क्ष' तेथे स्वतंत्र अक्षर नाही, तो 'क' आणि 'ष' यांचा जोड आहे. म्हणून केवळ संकेताच्या क्रमाने लावले तर तो 'क'मध्ये जातो. आपल्या कोशांतही या बाबतीत एकवाक्यता नाही. सूची ज्या क्रमाने बांधली, त्याच क्रमाने शोधले तरच ती कामाची. २०१८ साली लिनक्सच्या ग्लिबसी या मूलभूत ग्रंथालयाची २.२८ ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात शब्द लावण्याचे नियम बदलले. त्यावर विसंबलेल्या पोस्टग्रेसच्या जुन्या सूच्या त्यामुळे अविश्वसनीय ठरल्या. तक्त्यात असलेली नोंद सूचीतून सापडेना. त्या सूच्या नव्याने बांधाव्या लागल्या. मंद सूची आपल्याला खिजवते, पण चुकीची सूची फसवते. दुसरी जास्त घातक, कारण ती चटकन आणि आत्मविश्वासाने बोलते.

यावर उपाय आहे. मूळ नोंद जशी आहे तशीच राहू द्यावी, कारण ती दस्तऐवज आहे. तिच्या शेजारी 'शोधनाम' असा एक जादा रकाना करावा. त्यात 'ळ'चा 'ल', दीर्घाचा ऱ्हस्व, 'ज्ञ'चा 'ग्य', असे ठरावीक नियमांनी केलेले रूप ठेवावे आणि सूची त्या रकान्यावर करावी. शोधताना विचारलेल्या नावालाही तेच नियम लावावेत. ही कल्पना जुनी आहे. उच्चारसाम्यावरून नावे एकत्र आणणाऱ्या पद्धतीचे पेटंट रॉबर्ट रसेल यांनी अमेरिकेत १९१८ सालीच घेतले होते. आपल्याला तिला मराठी-हिंदीच्या सीमेवर आणायचे आहे, आणि हे काम आपल्याच मुलांना करता येईल. 'ळ'चा 'ल' कोठे होतो, हे पांढुर्णा-सौंसरच्या मुलाहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

समारोप

आपल्या शाळेच्या जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवण्याचा माजी विद्यार्थ्यांचा मनोदय अध्यक्षांनी आताच जाहीर केला. त्या कामाला लागणाऱ्या तरुणांना मी जाता जाता पाच प्रश्न देऊन ठेवते. सूची करण्याआधी ते स्वतःला विचारावेत. लोक वारंवार विचारतात तो प्रश्न कोणता आणि त्यात कोणता रकाना आधी येतो? उत्तरात थोड्या नोंदी येणार की निम्मी वही? तक्ता मुळात सूची लागण्याइतका मोठा आहे का? त्यात लिहिणे जास्त की वाचणे जास्त? आणि सूचीत जे अक्षर घातले, तेच अक्षर शोधणारा टाकील का? जुन्या नोंदवहीत आता नवी नोंद पडणार नाही. तेथे लिहिण्याचा भार नाही, म्हणून नाव, वडिलांचे नाव, शोधनाम अशा दोनचार सूच्या मोकळ्या मनाने कराव्यात. चालू वर्षाच्या दैनंदिन हजेरीत मात्र हात आखडता घ्यावा. ज्याचे त्याचे माप वेगळे.

सहावी गोष्ट प्रश्न नाही, विनंती आहे. संगणकाने 'नोंद नाही' असे सांगितले, तर समोर बसलेल्या माणसाला ते वाक्य तसेच ऐकवू नका. 'सूचीत सापडली नाही, वही पाहू या,' असे म्हणा. सूचीत नसणे आणि वहीत नसणे यांत फरक आहे. आणि वह्या चढवून झाल्या म्हणून मूळ वह्या रद्दीत घालू नका. सूची हरली की पहिल्या पानापासून वाचत जाणे हा शेवटचा मार्ग असतो, आणि तो मार्ग वही आहे तोवरच उघडा असतो.

माझ्या मैत्रिणीला तिचा दाखला मिळाला. निवृत्तिवेतन सुरू झाले. नोंदवहीतली ती ओळ तिने स्वतः बोट ठेवून वाचली. चौथीपर्यंतचे शिक्षण तिला तेवढ्यासाठी पुरेसे होते.

गुरुजींच्या स्मृतीला वंदन करते.